प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : ॲप शिकणाऱ्यांसाठी

या वेळची पत्रं मोबाइल ॲप शिकणाऱ्यांची आणि बनवणाऱ्यांची आहेत. बहुतेक इंदूरची, एक ग्वाल्हेरचं आणि एक बडोद्याचं. लांबलचक पत्रं थोडी काटछाट करून दिली आहेत. मेनूंची नावं आणि कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत; कॉम्प्युटरवर टाइप करताना ते अर्थातच इंग्रजीत.

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भंवरकुआच्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा मोबाइल ॲपचा कोर्स आहे. फी एकरकमी मागतात आणि नोकरीची हमीही देतात. तिला हे जमेल का, आणि पैसे भरण्याआधी आम्ही काय बघावं?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बी.कॉम. आड येत नाही. फी भरण्याआधी मुलीला एका चालू बॅचमध्ये तासभर बसू द्या आणि तिथल्या स्क्रीनवर काय दिसतं ते तिला पाहायला सांगा. अँड्रॉइडसाठी आज कोटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि जेटपॅक कंपोझ हे ॲपच्या स्क्रीन बनवण्याचं साधन शिकवलं जायला हवं. गूगलने कोटलिनला अँड्रॉइडची अधिकृत भाषा म्हणून २०१७ साली घेतलं, २०१९ पासून सगळं आधी कोटलिनमध्ये हे धोरण ठेवलं आणि कंपोझची पक्की आवृत्ती २०२१ मध्ये आली. क्लासमध्ये अजून आधीची जावा भाषा आणि एक्सएमएलने स्क्रीन मांडायची जुनी पद्धतच चाललेली असेल तर समजा की नोट्स जुन्या आहेत. जावा वाया जात नाही, कंपन्यांकडे जुनी ॲप्स ढिगाने पडली आहेत, पण पहिल्याच कोर्सला ते घेऊन बसण्यात अर्थ नाही.

दुसरं, मागच्या बॅचच्या मुलांची ॲप्स प्ले स्टोअरवर दाखवा म्हणा. दहा मुलांनी केलेलं एकच ‘हवामान ॲप’ दाखवलं तर ते सरांचं ॲप आहे. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) शिकवता का, आणि लॉगकॅट (चालू ॲपची नोंदवही) वाचून चूक कशी शोधायची याचे तास घेता का, हेही विचारा. ॲप कोसळल्यावर लाल अक्षरांतल्या ढिगाऱ्यात ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी शेवटची ओळ शोधायची आणि तिच्याखाली आपल्या फाइलचं नाव कुठे आलंय ते पाहायचं, एवढं ज्याला येतं तो पुढचं स्वतः शिकतो. नोकरीच्या हमीबद्दल एवढंच : अटी लेखी मागा, आणि नोकरी न लागल्यास किती फी परत मिळणार तो आकडा त्यात असायला हवा.

पण हे सगळं नंतर. आधी गूगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ’ हा मोफत कोर्स घरी उघडा. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्यांसाठीच तो लिहिला आहे. पहिली दोन युनिट्स तिने स्वतःच्या हाताने केली की कळेल. दुसऱ्या युनिटमध्ये फासा टाकणारं आणि टिपची रक्कम काढणारं अशी छोटी ॲप्स येतात आणि ‘स्टेट’ म्हणजे काय हा खरा प्रश्न तिथेच पहिल्यांदा भेटतो : बटण दाबलं, आकडा बदलला, मग स्क्रीन का बदलली नाही? हा कोर्स कॉपी-पेस्ट करून संपवता येतो, तसा संपवू नये. प्रत्येक धडा झाला की त्यातलं एक काहीतरी बदलायचं, टिपच्या जागी जीएसटी काढायचा वगैरे. तिथे बी.कॉम. कामाला येईल.

प्रश्न : कोटलिन, फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह?
— अभियांत्रिकी तृतीय वर्ष, इंदूर

उत्तर : फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवतात. जावास्क्रिप्ट आधीच येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीचं काम एकट्याने, थोड्या वेळात उरकायचं असेल तर फ्लटर. त्यासाठी डार्ट ही भाषा शिकावी लागेल, पण ती आठवडा-दोन आठवड्यांत हाताला बसते. यातलं काहीच नसेल तर कोटलिन. फ्लटरवाल्यालाही मॅनिफेस्ट (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेली फाइल), ग्रेडल (कोडमधून ॲप बांधणारं साधन) आणि परवानग्यांपाशी कधी ना कधी अँड्रॉइडच्या स्वयंपाकघरात यावंच लागतं. पुढे एक पत्र नेमकं त्याच कारणाने आलं आहे. तिन्ही एकदम सुरू करू नका.

प्रश्न : माझा लॅपटॉप ८ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्कचा आहे. अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की पंखा ओरडायला लागतो, पहिला ग्रेडल सिंक संपता संपत नाही आणि एम्युलेटर लावला की माऊससुद्धा हलत नाही. घरी नवा लॅपटॉप मागावा का?
— एक विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : मागू नका. गूगलच्या कागदावर नुसत्या स्टुडिओला (अँड्रॉइड ॲप लिहायचा प्रोग्राम) किमान ८ जीबी आणि एम्युलेटरसह (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) १६ जीबी रॅम लागते. म्हणजे तुमचं मशीन काठावर पास आहे, त्याच्याकडून एम्युलेटरची अपेक्षा सोडायची. ॲप स्वतःच्या फोनवर चालवा. जुना, अँड्रॉइड १० किंवा ११ चा फोन असला तरी काम भागतं, उलट वापरणाऱ्यांच्या हातात काय असतं तेही कळतं.

सगळ्यात मोठा फरक हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने पडेल. ग्रेडल हजारो बारक्या फाइली वाचतं-लिहितं आणि फिरत्या डिस्कचा जीव तिथेच जातो. लॅपटॉपमध्ये एम.२ची जागा आहे की अडीच इंची सॅटाच बसेल, हे मॉडेल नंबरवरून आधी पाहून घ्या. रॅम वाढवायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्याच जातीची पट्टी घ्या. डीडीआर ४च्या जागी डीडीआर ५ बसत नाही. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन पक्की केलेली असते, तिथे इलाज नाही.

पैसे न खर्चता करायच्या गोष्टी आता. प्रोजेक्टमधल्या ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये ‘एक्सएमएक्स’ असं एक पद दिसेल. ग्रेडलने जास्तीत जास्त किती मेमरी घ्यावी याची ती मर्यादा. स्टुडिओच्या साध्या प्रोजेक्टमध्ये ती २०४८ एमबी असते, पण अलीकडच्या फ्लटरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये चक्क ८ जीबी लिहून येते. तुमच्या मशीनची सगळी रॅमच तेवढी आहे! तिथे २ जीबी करा. अँटिव्हायरसला प्रोजेक्टचा फोल्डर, अँड्रॉइड एसडीके (ॲप बनवायच्या हत्यारांचा संच) आणि तुमच्या यूजर फोल्डरमधला ‘डॉट ग्रेडल’ हे तीन फोल्डर तपासू नकोस म्हणून सांगा. फाइल मेनूतला पॉवर सेव्ह मोड चालू केला की मागे चालणारी तपासणी थांबते. कोड लिहिताना लाल रेघा येणार नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या.

पहिला सिंक (ग्रेडल प्रोजेक्टला लागणाऱ्या फाइली गोळा करतं तो टप्पा) शेकडो एमबी डाउनलोड करतो. हॉटस्पॉटवर असताना कंटाळून तो मध्येच तोडलात तर ग्रेडलची अर्धवट झिप मागे राहते आणि पुढच्या वेळी विचित्र चुका येतात. तसं झालं असेल तर ‘डॉट ग्रेडल’मध्ये रॅपर, त्यात डिस्ट्स, इथला त्या आवृत्तीचा फोल्डर उडवा आणि पुन्हा सिंक करा. शेवटचं : प्रोजेक्ट वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका, बिल्ड (कोडमधून ॲप तयार होणं) चालू असताना फाइली अडकून पडतात. आणि फोल्डरचं नाव ‘माझी ॲप्स’ असं देवनागरीत नको. फोल्डरच्या मार्गात इंग्रजीबाहेरची अक्षरं दिसली की विंडोजवर बिल्ड तिथल्या तिथे थांबतं. विंडोजचं यूजरनेमच मराठीत असेल तर प्रोजेक्ट सरळ सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी एका साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात हलवा.

प्रश्न : फोन केबलने जोडला, चार्ज होतो, पण स्टुडिओत दिसत नाही.
— रामबाग, इंदूर

उत्तर : दहातल्या बऱ्याच वेळा केबल नुसती चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. जेल रोडवर केबल घेताना तिथेच फोनवरचे फोटो लॅपटॉपमध्ये उघडून बघा, मग पैसे द्या. केबल ठीक असेल तर फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. (शाओमीच्या फोनवर बिल्ड नंबरऐवजी मीयूआयच्या किंवा ओएसच्या आवृत्तीवर टिचक्या माराव्या लागतात, आणि ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हे वेगळं बटणही चालू करावं लागतं; ते विसरलं की फोन दिसतो पण ॲप चढत नाही.) जोडल्यावर फोनच्या स्क्रीनवर परवानगीची चौकट येते, ती हुकली तर यादीत ‘अनऑथराइज्ड’ दिसतं. मग ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स’ करून केबल काढून पुन्हा लावा. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही जोडता येतं. काम झालं की डीबगिंग बंद करा, काही बँकांची ॲप्स ते चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात.

प्रश्न : फ्लटरमध्ये एका किराणा दुकानासाठी ॲप केलं. केबल लावून चालवलं की सगळं व्यवस्थित. पण एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) बनवून दुकानदारांच्या फोनवर टाकली तर मालाची यादीच येत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. मित्राच्या कोटलिन ॲपचंही असंच काहीतरी होतं, आणि त्याचं गूगल लॉगिन तर प्ले स्टोअरवरून घेतल्यावरच बिघडतं. हे नेमकं काय आहे?
— परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : तीन वेगळे रोग आहेत, दिसतात सारखे.

तुमचा रोग परवानगीचा. फ्लटर प्रोजेक्ट तयार करतं तेव्हा इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइल या चाचणीच्या दोन फोल्डरांतल्या मॅनिफेस्टमध्ये लिहितं, कारण हॉट रीलोडला (बदललेला कोड चालू ॲपमध्ये लगेच दाखवण्याला) ती लागते. ‘मेन’ फोल्डरातल्या मॅनिफेस्टमध्ये ती नसते आणि रिलीज, म्हणजे लोकांना द्यायची, एपीके तेवढंच वाचते. अँड्रॉइड, ॲप, सोर्स, मेन या वाटेने जाऊन अँड्रॉइडमॅनिफेस्ट फाइल उघडा आणि ॲप्लिकेशन टॅगच्या वर यूजेस-परमिशनची इंटरनेटवाली एक ओळ घाला. सर्व्हरचा पत्ता लॅपटॉपवरचा ‘लोकलहोस्ट’ असेल तर मात्र ही ओळ घालूनही काही होणार नाही. फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे फोन स्वतः. एम्युलेटरमधून लॅपटॉप १०.०.२.२ या पत्त्यावर सापडतो आणि केबलने जोडलेल्या फोनला ‘एडीबी रिव्हर्स’ने पोर्ट जोडून देता येतं, पण दुकानदारांच्या फोनसाठी सर्व्हर खराखुरा इंटरनेटवरच हवा.

मित्राच्या कोटलिन ॲपमध्ये आधी सर्व्हरचा पत्ता एचटीटीपी आहे की एचटीटीपीएस ते बघा. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच अडवलेलं असतं. काहीजण डीबगपुरती सूट देतात आणि रिलीजला विसरतात. ते ठीक असेल तर संशय आर-८ वर घ्या. रिलीज करताना आर-८ नको असलेला कोड काढतं आणि क्लासेस, फील्ड्स यांची नावं ए, बी, सी अशी करून टाकतं. जीसनसारखी लायब्ररी सर्व्हरचा ‘प्राइस’ हा शब्द ॲपमधल्या ‘प्राइस’ फील्डच्या नावाशी जुळवते; नावच बदललं की जुळणी चुकते, ॲप कोसळत नाही, रकाने रिकामे येतात. डेटा क्लासच्या प्रत्येक फील्डवर ‘सीरियलाइज्ड-नेम’ लिहा आणि त्या क्लासेससाठी कीप-नियम (नावं बदलू नकोस अशी सूचना) द्या. मिनिफाय (आर-८ चालवणारी सेटिंग) बंद करून एकदा चालवलं आणि सगळं आलं, की निदान पक्कं. तो इलाज म्हणून कायम ठेवू नका.

लॉगिनचं कारण सहीत आहे. गूगल लॉगिन आणि नकाशे ॲपला त्याच्या सहीच्या एसएचए-१ ठशावरून ओळखतात. केबलने चालवलेल्या ॲपवर डीबग किल्लीची सही असते, तुम्ही बनवलेल्या रिलीजवर अपलोड किल्लीची, आणि प्ले स्टोअर ग्राहकाला ॲप देताना स्वतःकडच्या तिसऱ्या किल्लीने सही करतं. मित्राने पहिले दोन ठसे फायरबेसमध्ये (गूगलची ॲपसाठीची सेवा) टाकले असणार. तिसरा ठसा प्ले कन्सोलच्या (प्ले स्टोअरवर ॲप टाकायची जागा) ॲप इंटिग्रिटी पानावर, ॲप साइनिंग की प्रमाणपत्राखाली मिळतो, तोही टाकायला सांगा.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाच्या वर्गणीचं ॲप मी कोटलिनमध्ये केलं आहे. माझ्या फोनवर चोख चालतं. खजिनदारकाकांच्या फोनवर काही पावत्यांची रक्कम शून्य लागते आणि तारखेवरून यादी मागितली की पावत्याच गायब. त्यांचा फोन मराठीत आहे, माझा इंग्रजीत. आणखी एक : ‘पुरोहित’ शोधलं तर सापडतात, ‘बऱ्हाणपूरकर’ कधी सापडतात कधी नाही. काका म्हणतात, ॲपपेक्षा वही बरी.
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : काकांचं मत बदलता येईल. या पत्रातली अडचण मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाला भेटते आणि इंग्रजीतल्या धड्यांमध्ये ती सहसा नसते, म्हणून जरा सविस्तर.

फोनची भाषा हिंदी केली तर आकडे इंग्रजी राहतात. मराठी केली की देवनागरी होतात, कारण भाषांच्या ज्या सामाईक माहितीसाठ्यावर अँड्रॉइड चालतं, त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत. म्हणून ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ने १२५० ही रक्कम मजकुरात बदलली की तुमच्या फोनवर इंग्रजी आकडे येतात आणि काकांच्या फोनवर देवनागरी. तारीख मजकुरात बदलणाऱ्या सिंपल-डेट-फॉरमॅटचंही तेच. तुमच्या फोनवरून गणेश चतुर्थीची पावती इंग्रजी आकड्यांच्या तारखेने साठते, काकांच्या फोनवरून ती ‘२०२५-०८-२७’ अशी देवनागरीत. एसक्यूलाइटला (ॲपच्या डेटाबेसला) ही तारीख वाटतच नाही, त्यामुळे ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ म्हटलं की ती पावती गाळली जाते. ती डेटाबेसमध्ये आहे, हरवलेली नाही.

शून्य रकमेचं कारण उलट दिशेचं. काका मराठी कीबोर्डवरून १२५० देवनागरीत टाइप करतात. गंमत अशी की कोटलिनमधलं ‘टू-इंट’ देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं, पण ‘टू-डबल’ वाचत नाही. तुम्ही रक्कम पैशांसकट घेता यावी म्हणून डबल (दशांश संख्या) ठेवली असणार आणि ‘टू-डबल-ऑर-नल’ला पुढे ‘नाहीतर शून्य’ जोडलं असणार. चूक दिसण्याऐवजी शून्य साठलं ते तिथे. काही पावत्या बरोबर आल्या कारण तेव्हा कीबोर्ड इंग्रजीवर होता.

दुरुस्ती अशी. डेटाबेस, सर्व्हर, फाइलचं नाव, असं जे जे यंत्राने वाचायचं तिथे फॉरमॅट करताना ‘लोकेल डॉट रूट’ (कुठल्याच भाषेची नाही अशी सेटिंग) स्पष्ट लिहायचं. माणसाने वाचायचं तिथे नंबर-फॉरमॅटला मराठी लोकेल द्यायचं. मग १२,३४,५६७ अशी लाख-कोटींचे स्वल्पविरामही आपोआप पडतात. इनपुट वाचताना आधी प्रत्येक अंक ‘कॅरेक्टर डॉट डिजिट’मधून काढून इंग्रजी अंकात बदलायचा आणि मगच टू-डबल. ‘नाहीतर शून्य’ काढून टाका, त्या जागी ‘रक्कम नीट भरा’ असा लाल मजकूर दाखवा. खरं तर पैशासाठी डबल वापरूच नये, दशांशात बारीक फरक पडतात. रक्कम पूर्ण पैशांत, लाँगमध्ये (पूर्णांकात) ठेवा. साठलेल्या देवनागरी तारखा एकदाच चालणारा छोटा मायग्रेशन (साठलेली माहिती बदलणारा कोड) लिहून बदलता येतील. शून्य रकमांसाठी मात्र पावतीपुस्तकच उघडावं लागेल. इथे काकांची वही खरंच बरी!

आता बऱ्हाणपूरकर. या नावातला ‘ऱ्ह’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोडचं ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, यंत्राला दोन वेगळे शब्द. नाव साठवताना आणि शोधतानाही एकाच फंक्शनमधून न्या : आधी र, हलन्त, जोडचिन्ह हे त्रिकूट सापडलं की तिथे ऱ आणि हलन्त घाला, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा, शेवटी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या युनिकोडमधल्या वेगळ्या लिखावटी एक करणं) करा. क्रम उलटा केला तर ‘बऱ्हाणपूर’चं ‘बर्हाणपूर’ होईल. दाखवायचं नाव जसं आलं तसं वेगळ्या रकान्यात ठेवा आणि शोधायचं वेगळ्यात.

जाता जाता : नावं छोटी करण्यासाठी ‘पहिली दहा अक्षरं’ असं कोडमध्ये कापू नका. ‘ग्वाल्हेर’ हा शब्द यंत्राच्या मोजणीत नऊ अक्षरांचा आहे, आणि मध्येच कापला की लोंबता हलन्त राहतो. अक्षरांच्या खऱ्या सीमा शोधणारा ब्रेक-इटरेटर वापरा. बटणांची उंची ठरावीक आकड्यात बांधू नका, किमान उंची द्या, म्हणजे रफार आणि उकार छाटले जाणार नाहीत. तपासणीसाठी स्वतःचा फोन आठवडाभर मराठीत ठेवा. अँड्रॉइड १३ पासून एकाच ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, पण पहिल्या फेरीत पूर्ण फोनच बदलावा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी एका वाचनालयाचं ॲप स्टोअरवर टाकलं होतं. आता सभासदांनी नवा फोन घेतला की ते सापडत नाही. टार्गेटचा आकडा बदलला तर ॲप चालेनासं झालं.
— राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर टार्गेट एपीआय (ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो आकडा) ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, हवा, आणि जुनं ॲप नव्या फोनवर नव्या लोकांना दिसत राहायचं तर किमान ३४. हा आकडा दरवर्षी सरकतो. एकदम उडी न मारता एकेक पायरी चढा आणि प्रत्येक पायरीवर ॲप चालवून बघा. ३१ वर गेल्यावर इंटेंट-फिल्टर असलेल्या (बाहेरून उघडता येणाऱ्या) प्रत्येक ॲक्टिव्हिटीला, म्हणजे स्क्रीनला, ‘एक्स्पोर्टेड’ लिहिणं सक्तीचं होतं आणि पेंडिंग-इंटेंटला (ॲपच्या वतीने नंतर करायच्या कामाला) बदलता येण्या-न येण्याचा झेंडा लावला नाही तर ॲप कोसळतं. ३३ वर सूचनांसाठी वेगळी परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही की ‘पुस्तक परत करा’ची आठवण गुपचूप बंद पडते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ३५ वर अँड्रॉइड १५च्या फोनमध्ये ॲप स्क्रीनच्या काठापर्यंत पसरतं, म्हणून तळाचं ‘जतन करा’ नेव्हिगेशन पट्टीखाली जातं. विंडो इनसेट्सचं पॅडिंग (फोनच्या पट्ट्यांइतकी मोकळी जागा) द्या. सी किंवा सी++ मधली लायब्ररी आत असेल, उदाहरणार्थ बारकोड स्कॅनर, तर १६ केबी पेज साइझची (मेमरीच्या एका तुकड्याचा आकार) अटही लागू आहे. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या.

प्रश्न : २५ डॉलर भरून प्ले कन्सोलचं खातं उघडलं. वीस मित्रांचे ईमेल टाकून तीन आठवडे झाले तरी प्रॉडक्शनचं बटण राखाडीच आहे.
— विजयनगर, इंदूर

उत्तर : १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रॉडक्शनसाठी, म्हणजे ॲप सगळ्यांना खुलं करण्यासाठी, ही अट आहे : क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस सामील असले पाहिजेत. (आधी २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले.) ईमेल यादीत टाकणं म्हणजे सामील होणं नव्हे. प्रत्येकाने त्याच जीमेलने लॉगिन करून ऑप्ट-इनची लिंक उघडायची, होकार द्यायचा आणि मग प्ले स्टोअरवरून ॲप घ्यायचं. तुम्ही व्हॉट्सॲपवर एपीके पाठवली असेल तर ती मोजली जात नाही. ‘इंटर्नल टेस्टिंग’ही यात धरत नाहीत, ट्रॅक ‘क्लोज्ड टेस्टिंग’चाच हवा. काठावर बाराच ठेवू नका. एक बाहेर पडला की सलगपणा तुटतो, तेव्हा पंधरा-सोळा जण घ्या. चौदा दिवसांत एक-दोन अपडेट टाका आणि काय बदललं ते लिहून ठेवा, कारण प्रॉडक्शनचा अर्ज करताना टेस्टरनी काय सांगितलं आणि तुम्ही काय सुधारलं हे विचारतात. पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका, ते ॲप उघडत नाहीत आणि अर्जाच्या उत्तरांत ते उघडं पडतं. गोपनीयता धोरणाची लिंक आणि डेटा सेफ्टीचा फॉर्म या काळातच उरकून घ्या.

प्रश्न : एआयकडून कोड लिहून घेतो. तो बिल्ड होत नाही, मग तोच एआय दहा वेळा दुरुस्त करतो.
— अन्नपूर्णा रोड, इंदूर

उत्तर : उत्तरात जुन्या काळाच्या खुणा शोधा. ‘जेसेंटर’ हे कोठार, ‘एसिंकटास्क’, ‘अँड्रॉइड डॉट सपोर्ट’ने सुरू होणारी नावं किंवा ‘स्टार्ट-ॲक्टिव्हिटी-फॉर-रिझल्ट’ दिसलं की तो कोड जुन्या लेखांवरून उचललेला आहे. प्रश्न विचारताना कोटलिनची, अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनची आणि कंपोझ बीओएमची (कंपोझच्या लायब्ररींच्या जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) तुमची आवृत्ती आधी सांगा, आणि पूर्ण ॲप न मागता एक फंक्शन मागा. लायब्ररीचं नाव कोडमध्ये घालण्याआधी ती खरंच आहे का ते मावेन सेंट्रल किंवा गूगलच्या मावेन या लायब्ररींच्या कोठारांत पाहा. एपीआय की (सेवेची गुप्त किल्ली) चिकटवून पाठवू नका.

प्रश्न : मॅक नाही, आयफोनचं ॲप करता येईल का?
— दांडियाबाजार, बडोदा

उत्तर : फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये लिहून अँड्रॉइडवर तपासता येईल, पण शेवटचं बिल्ड एक्सकोड या ॲपलच्या प्रोग्रामवरच होतं आणि एक्सकोड मॅकवरच चालतं. कोडमॅजिक किंवा गिटहब ॲक्शन्सचा भाड्याचा मॅक त्यासाठी पुरतो. ॲप स्टोअरवर द्यायचं तर ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर भरावेच लागतात. फुकटच्या ॲपल आयडीने फोनवर चढवलेलं ॲप सात दिवसांनी उघडत नाही. शिवाय एक खरा आयफोन हाताशी हवाच, जुना चालेल.

प्रश्न : लॅपटॉप फॉरमॅट केला आणि ॲपच्या सहीची किल्ली ठेवलेली कीस्टोअर फाइल गेली. ॲप स्टोअरवर आहे. आता अपडेट कसं टाकू?
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : ऑगस्ट २०२१ नंतर टाकलेलं नवं ॲप असेल तर घाबरू नका. तेव्हापासून ॲपची खरी किल्ली गूगलकडे असते, तुमची गेली ती फक्त अपलोड किल्ली. नवं कीस्टोअर बनवा, त्यातून पीईएम प्रमाणपत्र काढा आणि प्ले कन्सोलच्या ॲप इंटिग्रिटी पानावरून अपलोड की रीसेटची विनंती करा. नवी किल्ली कधीपासून चालेल ते मेलने कळतं, त्याआधी बंडल (स्टोअरवर टाकायची ॲपची फाइल) चढवायला गेलात तर ते नाकारलं जाईल. ॲप त्याआधीचं असेल आणि प्ले ॲप साइनिंग घेतलेलं नसेल तर मात्र वाट नाही. नव्या पॅकेज नावाने नवं ॲप टाकावं लागेल.

कीस्टोअर कमांडने बनवत असाल तर व्हॅलिडिटी १०००० दिवस लिहायला विसरू नका. ते पद गाळलं तर कीटूल ९० दिवसांचीच किल्ली देतं, आणि प्लेला तर २२ ऑक्टोबर २०३३ नंतर संपणारी किल्ली लागते. फाइल, एलियस (आतल्या किल्लीचं नाव) आणि दोन्ही पासवर्ड एकत्र, पण लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा. गिटमध्ये ती फाइल किंवा ‘की डॉट प्रॉपर्टीज’ चुकूनही जाऊ देऊ नका. गेली असेल तर नुसती डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, तेव्हा त्याच रीसेटच्या वाटेने किल्ली बदलून घ्या.